धाराशिवच्या बायकांनी जगाला दिलेले उत्तर

२ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी जगभर कशी करावी, याच्या चर्चेला त्याने वळण दिले. निबंधात उल्लेख होता तो उस्मानाबाद जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा. न्यूयॉर्क, लंडन, फार काय मुंबईही नव्हे. वाड्या-वस्त्यांवर राहणाऱ्या, शेतात राबणाऱ्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच अशी तपासणी करून घेणाऱ्या बायकांनी हा पुरावा उभा केला होता. त्याच अंकातल्या संपादकीयाच्या मथळ्यातच म्हटले होते की कॅन्सर रोखण्याची ही अधिक चांगली वाट भारताकडून जगाकडे जाते आहे. धाराशिवचे नाव निघाले की तुळजाभवानी, नळदुर्ग, तेरची प्राचीन वस्ती आणि दुष्काळ आठवतो. या यादीत हे संशोधनही असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

ते घडले कसे, हे समजून घ्यायचे तर आधी आजार समजला पाहिजे.

आपल्याकडे बायका त्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात आणि हे वर्णन अगदी नेमके आहे. गर्भाशयाचे तोंड योनीत उघडते. तिथे दोन प्रकारच्या पेशी एकमेकींना भेटतात आणि वयानुसार ही सीमारेषा थोडी सरकत राहते. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, नेमका या सीमेवरच्या पेशींत शिरतो. शारीरिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधीतरी गाठतोच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि कुणाच्या चारित्र्याशीही त्याचा संबंध नाही. दहांतल्या नऊ जणींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातल्या काहींच्या पेशी हळूहळू बदलू लागतात आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. जर्मनीतल्या हाराल्ड झुर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार कॅन्सरच्या गाठींत शोधून काढले. जगातल्या या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे हेच दोन प्रकार असतात. झुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले.

पंधरा-वीस वर्षांचा हा काळच या आजारातली सगळी आशा आहे. बिघडू लागलेल्या पेशी वेळेत सापडल्या तर त्या गोठवून किंवा तारेच्या साध्या उपकरणाने कापून काढता येतात. पिशवी काढावी लागत नाही, किरणोपचार लागत नाहीत, बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. पण या टप्प्यावर काहीच दुखत नाही. अंगावरून रक्त जाऊ लागते, पाळी गेल्यानंतर पुन्हा डाग दिसतात, घाणेरड्या वासाचे पाणी जाते, कंबर धरते, तोवर बहुतेक वेळा कॅन्सर पसरलेला असतो. आणि तेव्हासुद्धा बाई आधी घरातली कामे उरकते, पेरणी होऊ देते, मुलीचे लग्न होऊ देते. म्हणून प्रश्न असा उरतो की कसलाही त्रास नसलेल्या लाखो बायकांपैकी आत बदल सुरू झालेली बाई ओळखायची कशी?

श्रीमंत देशांनी यावर पॅप स्मीअर हे उत्तर काढले होते. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी खरवडून काचेच्या पट्टीवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या. या तपासणीने युरोप-अमेरिकेत असंख्य जीव वाचवले. पण त्यासाठी पट्टी वाचणारा तयार डोळा हवा, चांगली प्रयोगशाळा हवी आणि दर काही वर्षांनी बाईने पुन्हा यायला हवे. १९९० च्या दशकात ग्रामीण मराठवाड्यात यातले काय होते?

इथे बार्शीकडे वळले पाहिजे. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी परंडा, भूम, येरमाळा, येडशी या भागातला माणूस मोठ्या दुखण्याला आधी बार्शी गाठतो. डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने तिथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभे राहिले. १९८७ मध्ये भारतातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी याच रुग्णालयात सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शी तालुक्याबरोबर धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुके होते.

नोंदणी म्हटले की रजिस्टर आणि त्यातले रकाने डोळ्यांपुढे येतात. बार्शीची नोंदणी तशी करता येण्यासारखी नव्हती. शहरात रुग्णालये आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळा असतात, तिथे जाऊन नावे टिपता येतात. खेड्यातल्या बाईला कॅन्सर झाला तर तो कुठल्याच कागदावर येत नसे; ती घरातच खंगून जाई आणि लोक ‘आजारानं गेली’ एवढेच म्हणत. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. सरपंच, शिक्षक, दाई, वैदू अशा सगळ्यांशी बोलले, पारावर आणि शाळेत सभा घेतल्या, धोक्याची लक्षणे सांगितली आणि संशयित रुग्णांना स्वतः रुग्णालयापर्यंत आणले. त्यातून जे हाती आले त्याचा विचार आजही करण्यासारखा आहे. कुठलीही महागडी यंत्रणा न आणता, नुसत्या बोलण्याने, या भागातल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ही गोष्ट आकड्यांनिशी मांडली. नोंदणीतून आणखी एक गोष्ट लख्ख दिसली. या भागातल्या बायकांना सर्वाधिक गाठणारा कॅन्सर पिशवीच्या तोंडाचा होता.

पुढच्या मोठ्या प्रयोगाचा पाया हाच. १९९९ पर्यंत इथल्या गावांना कॅन्सरवाल्या माणसांची ओळख झालेली होती.

ऑक्टोबर १९९९ मध्ये प्रयोग सुरू झाला. त्यात तीन संस्था होत्या: बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लियाँ शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था. लियाँच्या बाजूने नेतृत्व डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन यांचे होते. पैसा बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनकडून आला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका यात सहभागी झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दी धरून गावांचे ५२ समूह केले आणि कोणत्या समूहात कोणती तपासणी होणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निव्वळ योगायोगावर ठरवले. बाईगणिक चिठ्ठी काढली असती तर एकाच घरात सासूची एक तपासणी आणि सुनेची दुसरी, असा घोळ झाला असता. वाड्यावरच्या गप्पांतच प्रयोग विस्कटला असता. गावेच्या गावे एका गटात ठेवल्याने तो टिकला.

गट चार होते. पहिल्यात ३४,१२६ बायका आणि एचपीव्हीची तपासणी: पिशवीच्या तोंडावरून ब्रशने नमुना घ्यायचा आणि प्रयोगशाळेत विषाणूचा डीएनए आहे का पाहायचे. दुसऱ्यात ३२,०५८ बायका आणि पॅप स्मीअर. तिसऱ्यात ३४,०७४ बायका आणि व्हीआयए. व्हीआयए म्हणजे सौम्य ॲसेटिक ॲसिड, जे व्हिनेगरमध्ये असते, ते पिशवीच्या तोंडाला लावायचे आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का हे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. खर्च जवळजवळ नाही आणि निकाल हातोहात. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना आजाराची माहिती दिली, तपासणी मात्र केली नाही. या चौथ्या गटाकडे मी पुढे परत येणार आहे.

नमुने घेणे आणि ॲसिड लावून पाहणे ही कामे प्रशिक्षित नर्सबाईंनी केली. ज्यांच्यात दोष आढळला त्यांची दुर्बिणीतून तपासणी, गरज पडल्यास तुकडा काढून तपासणी, आणि जिथे शक्य तिथे त्याच भेटीत पेशी गोठवण्याचा उपचार. बोलावलेल्या दर पाच बायकांपैकी जवळजवळ चौघी आल्या. ज्या तपासणीत अनोळखी नर्सबाईपुढे लुगडे वर करावे लागते, तिला एवढ्या बायका का आल्या? माझे उत्तर असे की त्याआधीची बारा वर्षे गावोगाव झालेले बोलणे इथे कामाला आले. संशोधनाच्या अंदाजपत्रकात या बोलण्याला क्वचितच जागा मिळते.

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे. निबंधाच्या लेखकांची नावे वाचली तर ते एका विषयाच्या लोकांचे काम नाही हे लगेच कळते. डॉ. नेने आणि त्यांचे बार्शीतले सहकारी रुग्णांवर उपचार करणारे. डॉ. सुरेंद्र शास्त्री टाटातल्या कॅन्सर प्रतिबंध विभागाचे. डॉ. रोशन चिनॉय आणि डॉ. शुभदा काणे यांचे क्षेत्र पेशी आणि ऊतींची तपासणी. डॉ. रोहिणी केळकर सूक्ष्मजीवशास्त्राच्या. डॉ. कस्तुरी जयंत, अतुल बुडुख साथरोगशास्त्र आणि नोंदणीतले. लियाँचे रिचर्ड मुवोंगे संख्याशास्त्रज्ञ. आणि डॉ. केतायून दिनशॉ, टाटा मेमोरियल सेंटरच्या तेव्हाच्या संचालक, मूळच्या किरणोपचारतज्ज्ञ.

यातला कुठलाही एक विभाग एकटा असता तर काय झाले असते? स्त्रीरोगतज्ज्ञाने डाग पाहिला असता, पण तो खरोखर कॅन्सरपूर्व बदल आहे की नुसती सूज, हे पॅथॉलॉजीशिवाय कळले नसते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला विषाणू सापडला असता, पण तो असलेली बाई परंड्याच्या कुठल्या वस्तीवर राहते आणि तिला परत कसे बोलवायचे, हे गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्यालाच ठाऊक. संख्याशास्त्रज्ञाकडे सूत्र असते, पण आठ वर्षांनी त्या गावात कोण कशाने वारले याची खात्रीची नोंद नसेल तर सूत्रात घालायचे काय? ती नोंद बार्शीकडे होती. तपासणीने कॅन्सर सापडतो हे दाखवणे तुलनेने सोपे असते. तपासणीने मरण टळते हे दाखवायचे तर मेलेल्या माणसांचीही नोंद ठेवावी लागते आणि तीही वर्षानुवर्षे. बहुतेक संशोधन पहिल्या पायरीवर थांबते. धाराशिवचे दुसऱ्या पायरीपर्यंत गेले, कारण संचालकांपासून गावातल्या कार्यकर्त्यापर्यंतची साखळी आठ-नऊ वर्षे तुटू दिली नाही.

टाटा मेमोरियल सेंटर आज होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचा, म्हणजे २००५ मध्ये स्थापन झालेल्या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. विद्यापीठाचा संशोधनाला पाठिंबा म्हणजे काय, असे कुणी विचारले तर मी याच उदाहरणाकडे बोट दाखवीन. पैसे देणे हा त्यातला एक भाग झाला. पॅथॉलॉजीच्या प्राध्यापकाला रोजचे काम सांभाळून हजारो पट्ट्या पाहायला सवड देणे, मुंबईच्या डॉक्टरने बार्शीत घालवलेला दिवस कामाचा दिवस मानणे, निबंधावर अठरा नावे असली तरी शेवटच्या नावाच्या माणसाचेही श्रेय बढतीच्या वेळी मोजणे, आणि निकाल यायला आठ वर्षे लागणार हे पहिल्या दिवशी मान्य करणे, हे त्याहून अवघड भाग आहेत.

निकाल असा लागला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या. तपासणी न झालेल्या, संख्येने थोड्या लहान गटात ६४. म्हणजे फक्त एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पसरलेल्या टप्प्यावर सापडलेले कॅन्सर ८२ वरून ३९ वर आले. पॅप स्मीअरच्या गटात ५४ मृत्यू झाले, व्हीआयएच्या गटात ५६. हा फरक इतका कमी होता की तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्राने सांगितले.

मला यातला सगळ्यात मोलाचा आकडा आणखी वेगळा वाटतो. ज्यांची तपासणी ‘काही नाही’ अशी आली त्यांचे पुढे काय झाले? एचपीव्ही नाही असे सांगितलेल्या बायकांत पुढच्या वर्षांत कॅन्सरचे प्रमाण वर्षाला दर लाखामागे ३.७ इतके राहिले. पॅप स्मीअर चांगला आलेल्यांत ते १५.५ होते, व्हीआयएत डाग न दिसलेल्यांत १६. म्हणजे एचपीव्हीच्या तपासणीने ‘बाई, तू ठीक आहेस’ म्हटले तर त्या शब्दावर कितीतरी जास्त विसंबता येते. जिथे बाईला दवाखान्यात दुसऱ्यांदा आणणेच कठीण, तिथे या भरवशाची किंमत फार मोठी आहे.

व्हीआयएबद्दल मात्र घाईने मत बनवू नये. तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात याच पद्धतीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले होते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉ. शास्त्री यांच्या गटाने दीड लाख बायकांवर केलेल्या प्रयोगात ते ३१ टक्क्यांनी घटले. तिथे तपासणी दर दोन वर्षांनी परत परत होत होती. डोळ्यांवर अवलंबून असलेली पद्धत पाहणाऱ्याच्या तालमीवर, तपासणी कितीदा होते यावर आणि बाईच्या वयावर अवलंबून राहते. पन्नाशीनंतर पेशींची ती सीमारेषा आत सरकते आणि डोळ्याला दिसेनाशी होते. काहीच न करण्यापेक्षा व्हीआयए केव्हाही बरी. पण व्हीआयए आणि एचपीव्ही या दोन्हींतून निवडायचे असेल तर धाराशिवचा कौल स्पष्ट आहे.

आता चौथा गट. तपासणी न झालेल्या त्या ६४ मृत्यूंवरून पुढे मोठा वाद झाला. धाराशिव, मुंबई आणि दिंडीगुल या तिन्ही प्रयोगांत मिळून १,३८,६२४ बायका तपासणीविना ठेवल्या गेल्या आणि त्यांतल्या २५४ या कॅन्सरने गेल्या, हा आकडा अमेरिकी डॉक्टर एरिक सूबा यांनी पुढे आणला. पॅप स्मीअरचा उपयोग जगाला माहीत असताना या बायकांना काहीच का दिले नाही, असा त्यांचा सवाल होता. संशोधकांचे म्हणणे होते की भारतात त्या काळी सर्वसाधारण बाईला मिळणारी सेवा हीच होती, आणि तुलनेसाठी असा गट नसता तर कोणती तपासणी इथल्या परिस्थितीत जीव वाचवते हे कधीच सिद्ध झाले नसते.

हा वाद मिटवून टाकण्यासारखा नाही. संशोधकांच्या युक्तिवादात तथ्य आहे असे मी मानते, पण त्याने सूबांचा प्रश्न संपत नाही. अशा प्रयोगाचा निर्णय डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ यांच्यापुरता राहू नये, एवढे मला त्यातून ठामपणे वाटते. समाजशास्त्र, कायदा, स्त्री-अभ्यास या विभागांची माणसे आणि त्या गावातल्या बायका पहिल्या बैठकीपासून टेबलाभोवती हव्यात. विभागांनी एकत्र येण्याचा हाही एक अर्थ आहे. आणि दुसरी गोष्ट: २००९ मध्ये उत्तर हाती आल्यानंतर ते वापरायचे नाही, यासाठी कोणताच युक्तिवाद उरत नाही.

जगाने ते वापरले. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा कॅन्सर संपवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले: २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा चांगल्या प्रतीची तपासणी, आणि आजार सापडलेल्या ९० टक्के जणींवर उपचार. २०२१ मध्ये संघटनेने पहिल्या पसंतीची तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनएचीच शिफारस केली. लसीच्या बाबतीतही या भागाचा हात आहे. २००९ मध्ये भारतात दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा प्रयोग नऊ ठिकाणी सुरू झाला, त्यात बार्शी होती. २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लस-प्रकल्पावरून वादळ उठले आणि सरकारने अशा सगळ्या प्रयोगांतले लसीकरण थांबवले. त्यामुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये कळले की एका मात्रेनेही १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांवर संरक्षण मिळते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा पुरेशी मानली, त्यात या पुराव्याचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या देशी लशीला मान्यता मिळाली.

आणि आपल्या घरात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार जणी त्याने मरतात.

मराठवाड्यात याला आणखी एक दुखरी बाजू आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते म्हणून बाई डॉक्टरकडे जाते आणि ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असे ऐकते. पुढच्या हंगामात खाडा पडायला नको म्हणून उचल घेऊन ऑपरेशन करते. ज्या भीतीपोटी तिने विशी-तिशीत अवयव गमावला, ती भीती खरी की खोटी हे सांगणारी तपासणी तिच्या शेजारच्या जिल्ह्यात सिद्ध झालेली होती. मला हे फार लागते.

आज धाराशिवची स्थिती १९९९ सारखी नाही. तेव्हा तज्ज्ञ बार्शी, मुंबई आणि लियाँहून यायचे. आता जिल्ह्याच्या ठिकाणी २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवमध्ये आहे, तिथे जैवतंत्रज्ञानासारखे विभाग चालतात. तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार आहे, ग्रामीण समाजाचा अभ्यास हाच त्याचा विषय. स्त्रीरोग, पॅथॉलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र, जनआरोग्य, डीएनए हाताळणारे विद्यार्थी आणि वस्तीवर जाऊन बाईशी बोलू शकणारे समाजकार्यकर्ते, सगळे एकाच जिल्ह्यात. कागदावर मात्र ते वेगवेगळ्या विद्यापीठांचे, वेगवेगळ्या मंत्रालयांचे आणि वेगवेगळ्या अनुदानांचे आहेत.

त्यांनी एकत्र बसून सोडवावेत असे प्रश्न समोर पडले आहेत. नमुना बाईने स्वतःच घरी घेतला तर चालतो, हे जगात मान्य झाले आहे. मग वाशी-कळंबच्या वस्तीवरची बाई तो घेईल का, आणि तिला ते आशाताईने समजवावे की नर्सबाईने? दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली बाई उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. तिचा नमुना दोषी आला तर निरोप कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडावर कसा पोचवायचा आणि उपचार कुणी करायचा? क्षयरोगासाठी सरकारी दवाखान्यांत आलेल्या ट्रूनॅट यंत्रांवर चालणारी एचपीव्हीची देशी चाचणी २०२५ मध्ये पडताळून झाली आहे. गोव्याच्या मोलबायोची ही चाचणी आणि पुण्याच्या मायलॅबची दुसरी, दोन्ही आपल्या अंगणातल्या. ट्रूनॅटवरची चाचणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात चालवली तर अहवाल येईपर्यंत बाई थांबेल का? यातला एकही प्रश्न निव्वळ डॉक्टरचा नाही, आणि निव्वळ समाजशास्त्राचाही नाही.

विद्यापीठांनी काय करावे हेही फार मोठे नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्याला दोन विभागांतले दोन मार्गदर्शक एकत्र घेता यावेत. नमुने साठवायचा फ्रीझर, नोंदी सांभाळणारा माणूस आणि गावात फिरणारी दोन-चार माणसे ही एका प्रकल्पाच्या मुदतीबरोबर संपणारी पदे न ठेवता कायमची ठेवावीत. बार्शीची नोंदणी १९८७ पासून चालू राहिली म्हणूनच १९९९ चा प्रयोग शक्य झाला. दोन विद्यापीठांनी नैतिकता समितीची एकच संयुक्त बैठक घ्यावी आणि तिच्यात गावातल्या बाईला मताचा अधिकार द्यावा. तीन वर्षांत निकाल मागण्याऐवजी दहा वर्षांचा करार करावा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ या दोघांच्या कुलगुरूंना माझी विनंती आहे की धाराशिव जिल्ह्यासाठी असा एक करार करा. या जिल्ह्यातल्या बायकांनी २५ वर्षांपूर्वी आपले शरीर आणि आपला वेळ देऊन जगाला उत्तर मिळवून दिले. त्यांच्या मुली-सुनांपर्यंत ते उत्तर पोचवणे हे आता इथल्याच संस्थांचे काम आहे.

आणि वाचणाऱ्या बाईला, किंवा ज्याच्या घरात बाई आहे त्या प्रत्येकाला, एवढेच सांगणे: तिशी उलटली की काही त्रास नसला तरी एचपीव्हीची तपासणी करून घ्या, आणि ती चांगली आली तरी पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करा. ती मिळत नसेल तर आरोग्य केंद्रात व्हीआयएबद्दल विचारा. पाळी गेल्यावर अंगावर डाग दिसला तर एक दिवसही न थांबता डॉक्टरकडे जा. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर लसीची चौकशी करा. आणि कुणी कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगितली, तर हो म्हणण्याआधी तपासणीचा अहवाल मागा.